मागच्या सीटवरची आई

हसायचं नाही, ही अट मान्य असेल तरच सांगतो. आजवर तुमच्या कानावर हा किस्सा आला असेल तर तो सुजाताताईच्या तोंडून आला असणार, आणि ताईच्या सांगण्यात मी अगदीच बावळट आहे. माझ्या सांगण्यातही तेवढाच आहे, पण निदान कारणं देऊन आहे.

तर, मी कोलंबोत एका आजीला पळवलं.

चहा घ्या, गार होतोय. सांगतो सगळं.

आईला एक बुद्धपौर्णिमा श्रीलंकेत करायची होती. आई सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. विश्रांतवाडीतल्या आमच्या विहारात दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर. तिथल्या कुणा बाई जाऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की कोलंबोत त्या दिवशी अख्खं शहर कंदिलांनी सजतं, रस्त्यात लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला घालतात. झालं. आईनं दुसरं काही मागितलंच नाही. "गुडघे चालतायत तोवर नेऊन आण," एवढंच म्हणाली. आता यावर काय बोलणार?

ताई कर्वेनगरला राहते, कॉलेजात शिकवते. तिच्याकडे पेपर तपासायचे होते, त्यामुळे ती आली नाही. पण विमानतळावर सोडायला आली तेव्हा आईला मिठी मारून झाल्यावर मला बाजूला घेतलं.

"मिलिंद, आईचा हात सोडायचा नाही."

"ताई, मी पन्नाशीला आलो."

"म्हणूनच सांगतेय. लहान असतास तर आईनंच तुझा धरला असता."

तर आम्ही तिघं गेलो. मी, आई आणि माझी बायको वैशाली. पहिले काही दिवस उत्तम गेले. जुना किल्ल्याचा भाग, डचांच्या काळातल्या जाड भिंतींच्या इमारती, समुद्राकाठची ती लांबलचक हिरवळ. आई प्रत्येक गोष्ट बघून "स्वच्छ ठेवलंय हो," म्हणायची. नर्स ना. किल्ला असो की समुद्र, तिची पहिली तपासणी ती.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळीच वैशालीच्या पोटानं घात केला. आदल्या दिवशीचं खेकड्याचं कालवण. ती पलंगावरून म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. आणि अहो, तो लॅपटॉप इथेच राहू द्या."

मी लॅपटॉप घेतला. आता का घेतला? कारण मी हिंजवडीला ज्या कंपनीत आहे तिथे सुट्टी ही माणसाला मिळते, फोनला मिळत नाही. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेची सुट्टी असली तरी अमेरिकेतल्या ग्राहकाला त्याचं काय?

हॉटेलनं एक गाडी दिली होती. चालक निमल. सडपातळ, हसतमुख, इंग्रजी मोजकंच पण ठाम. आईला त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं, तेही आरशातून. हे लक्षात असू द्या, मला पुढे उपयोगी पडेल.

तळ्याकाठच्या एका जुन्या विहारात गेलो. रस्ता बंद होता, म्हणून गाडी लांब एका गल्लीत लावली. आत पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिलो. जिकडे बघाल तिकडे पांढरे कपडे. म्हातारे, तरुण, मांडीवरची पोरं, सगळी पांढऱ्यात. आईनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. ती त्या गर्दीत अशी मिसळली की जणू इथलीच. हात जोडून उभी राहिली, वंदना म्हटली, डोळे पुसले. मग बोधिवृक्षाच्या कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "आता इथून मला कुणी उठवू नका."

तेवढ्यात माझा फोन वाजला.

सिस्टम बंद पडली होती. कुणाची, कशी, ते सोडा. लाउडस्पीकरवर सूत्रपठण चालू होतं, पलीकडचं काही ऐकू येईना. मी आईला म्हटलं, "आई, इथेच बस. मी गाडीपाशी जाऊन बोलतो. निमलला तुला घ्यायला पाठवतो."

"जा बाबा. मी कुठे पळून जातेय?"

गाडीपाशी आलो. बॉनेटवर लॅपटॉप उघडला, कानात ती बोंडं घातली. बोलणं लांबत चाललं. शेवटी माइकवर हात ठेवून मी निमलला सांगितलं, "अम्माला घेऊन ये. बोधिवृक्षाखाली बसलीय. पांढरे कपडे, पांढरे केस, चष्मा, काळी छत्री."

आता मला सांगा, या वर्णनात एक तरी चूक आहे का? नाही ना? फक्त त्या दिवशी ते निम्म्या कोलंबोला लागू होत होतं.

निमल गेला आणि एका म्हातारीला छत्रीखालून अदबीनं घेऊन आला. मी स्क्रीनकडे बघत होतो. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मी पुढे बसलो, लॅपटॉप मांडीवर. निमलनं विचारलं, "फोर्ट, सर?" मी मान हलवली. गाडी निघाली.

मी अगदीच बेफिकीर नव्हतो हो. मधूनमधून चौकशी करत होतो. पाण्याची बाटली खांद्यावरून मागे केली, "आई, पाणी?" बाटली घेतली गेली. थोड्या वेळानं म्हटलं, "आई, एसी कमी करू?" उत्तर नाही. मला वाटलं, वंदना करून आलीय, मन शांत आहे, कशाला बोलेल? मी पुन्हा म्हटलं, "आई?" तर मागून माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं गेलं. मला फार बरं वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, आपण चांगला मुलगा आहोत.

किल्ल्याच्या भागात एक जुनं दीपगृह आहे, त्यालाच घड्याळ बसवलेलं. आईला ते दाखवायचं राहिलं होतं. तिथे पोचेपर्यंत अमेरिकेतली सिस्टम चालू झाली. मी लॅपटॉप मिटला, खाली उतरलो, मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "चल आई, उतर."

आतून एक अनोळखी आजी माझ्याकडे बघून हसली.

पांढरे केस, चष्मा, काळी छत्री, मांडीवर माझी पाण्याची बाटली. तिनं हात जोडले. मीही जोडले. दार लावलं. परत उघडलं. तीच होती.

"निमल," मी म्हटलं, "ही कोण?"

"अम्मा, सर."

"ही माझी अम्मा नाही."

निमलनं वाकून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मग कोणाची आहे, सर?"

विनोद सोडा, मित्रांनो, तेव्हा मी खरंच घाबरलो. आईकडे फोन नव्हता. तिचा फोन चार्जिंगला म्हणून हॉटेलवर राहिला होता. पासपोर्ट माझ्या खिशात, पैसे माझ्या खिशात. तिला मराठी येतं आणि दवाखान्यापुरतं इंग्रजी. आणि ती हजारो माणसांत एका झाडाखाली माझी वाट बघत बसली होती.

निमलनं आजीशी सिंहलीत बोलून घेतलं. उलगडा असा झाला की आजीनं त्या दिवसाचं अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत, घेतलं होतं, म्हणून ती कमी बोलत होती. मुलगा तिला म्हणाला होता, झाडाखाली बस, कुणीतरी गाडी घेऊन न्यायला येईल. निमल गेला आणि म्हणाला, अम्मा, चला. ती चालली. गाडी घराच्या उलट दिशेला निघाली तेव्हा तिला जरा वाटलं, पण पुढे बसलेला माणूस इतक्या महत्त्वाच्या कामात दिसला की तिनं मध्ये बोलणं बरं समजलं नाही.

"परत चल," मी म्हटलं. "विहारात. लवकर."

लवकर? त्या दिवशी कोलंबोत लवकर असं काही नव्हतंच. प्रत्येक वळणावर मांडव. मांडवातून माणसं हातात झेंडे घेऊन रस्त्यात येत आणि गाडी अडवत. कशासाठी? आम्हाला खायला घालण्यासाठी. एका ठिकाणी भात, एका ठिकाणी आइस्क्रीम, एका ठिकाणी गुलाबी सरबत. मी काचेतून हात जोडून "नको, नको" करतोय, माझी आई हरवलीय, आणि बाहेरचा माणूस इतक्या प्रेमानं पेला पुढे करतोय की नाही म्हणवत नाही. निमल म्हणाला, "सर, घेतलं नाही तर त्यांना वाईट वाटेल." त्यानं प्रत्येक ठिकाणी घेतलं. मी आयुष्यात इतक्या टेन्शनमध्ये इतकं सरबत प्यायलेलो नाही.

अशाच एका मांडवापुढे गाडी अडकलेली असताना ताईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रे मिलिंद, कशी चाललीय ट्रिप?"

ताईचा आवाज गोड होता. तिथेच मला समजायला हवं होतं. ताई माझ्याशी गोड बोलत नाही.

"मस्त," मी म्हटलं.

"आई कुठाय?"

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? पुण्यात बसलेल्या बहिणीला सांगितलं असतं का, की आई हरवलीय? मी म्हटलं, "मागे बसलीय. डोळा लागलाय तिचा."

"हो का? दाखव बघू."

मी फोन जरासा मागे वळवला. देवानं, म्हणजे आम्ही तसं म्हणत नाही, पण कुणीतरी साथ दिली. आजी खिडकीतून बाहेर बघत होती. पांढरे केस आणि पांढरा खांदा, एवढंच दिसलं. मी फोन झटकन पुढे घेतला.

"दिसली?"

"दिसली," ताई म्हणाली. "छान. मग आत्ता मला कुणा बाईच्या फोनवरून 'सुजाता, मिलिंद दिसत नाही गं' असं कोण म्हणालं?"

मी फोन जरा लांब धरला.

"माझा नंबर तिला पाठ आहे म्हणून बरं. आणि ही मागे कोण बसवलीयस तू?"

"ताई, चूक झाली. निमलनं..."

"निमलची आई आहे का ती? तुझी आई आहे ना? मग निमलचं काय नाव घेतोस?" आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. "मिलिंद, आई बोलत होती आणि मध्येच फोन कट झाला. मी परत लावतेय, उचलत नाहीयेत. मागे खूप आरडाओरडा ऐकू येत होता. तू आहेस कुठे?"

मी दार उघडलं आणि उतरलो. गाडी हलत नव्हती, विहार आता पायी गाठण्याइतका जवळ होता. पण आजीचं काय करायचं? तिला गाडीत सोडून गेलो आणि तीही हरवली तर? मी तिचा हात धरला. ती निमूट उतरली. निमलनं गाडी कडेला घुसवली आणि तोही मागे धावत आला.

झाडाखाली आई नव्हती. कट्ट्यावर दुसऱ्याच बायका बसल्या होत्या. मी एका हातानं त्या आजीला धरून गर्दीत फिरायला लागलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडायला लागलो, "आई! आई!"

लोक थांबून बघायला लागले. काहींनी वाट करून दिली. एका भन्तेंनी तर जवळ येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला कळेना हे सगळे माझ्याकडे इतक्या करुणेनं का बघतायत. निमल धापा टाकत आला आणि म्हणाला, "सर, असं ओरडू नका. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'का' होतो."

म्हणजे बघा. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, बोधिवृक्षाखाली, एक घामाघूम माणूस आभाळाकडे बघून "का? का?" असं ओरडत फिरतोय. कुणालाही दया येईल.

एका माणसाला मात्र आली नाही. उंच, रुंद, भरघोस मिशांचा. तो गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. त्यानं आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तिच्या हाताकडे पाहिलं, आणि माझी कॉलर धरली. तो आजीचा मुलगा होता. त्याच्यामागे दोन पोलीस होते.

मला पोलिसांच्या मांडवात नेलं. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग आणि त्यांवर चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांची गर्दी, आपापल्या माणसांची वाट बघत बसलेली. टेबलामागे एक इन्स्पेक्टर बाई. ठेंगणी, शांत, आवाज न चढवणारी. अशा माणसांची मला जास्त भीती वाटते.

"तुम्ही या बाईंना गाडीत घालून नेलंत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो, पण मला वाटलं ती माझी आई आहे."

"केव्हा लक्षात आलं, नाही म्हणून?"

"दीपगृहापाशी."

"दीपगृह इथून बरंच लांब आहे," त्या म्हणाल्या. "वाटेत तुम्ही आईशी बोलला नाहीत?"

"बोललो की. तीच बोलली नाही."

मग त्यांनी आजीला विचारलं. आजी सावकाश, बराच वेळ बोलली. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, "त्या म्हणतात, तुम्ही सारखं त्यांना 'का? का?' असं विचारत होता. कशाबद्दल, ते त्यांना समजलं नाही."

मी मान खाली घातली.

"आणि तुम्ही त्यांना मध देतो म्हणालात, पण दिलंत पाणी."

मी निमलकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "आमच्याकडे पॅणि म्हणजे मध, सर."

आजी आणखी काहीतरी बोलली. या वेळी तिच्या मुलानं माझी कॉलर सोडली आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"त्या म्हणतात," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "माणूस वाईट नाही. फक्त त्याला सांभाळायला कुणीतरी सोबत हवं."

"माझी आई," मी म्हटलं. "मॅडम, माझी आई हरवलीय. कृपा करून आधी ते बघा." आणि सांगायला लाज वाटते, पण मला रडू आलं. दुपार कलत होती. बाहेर गर्दी वाढतच होती. तो कट झालेला फोन, तो आरडाओरडा डोक्यातून जात नव्हता. ताईला काय सांगायचं, वैशालीला काय सांगायचं, काही सुचत नव्हतं.

बाईंचा सूर मऊ झाला. "या खुर्च्यांवर बसलेल्यांत आहेत का, नीट बघा."

मी बघितलं. सगळ्या पांढऱ्यात. मी निळे काठ शोधत होतो. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत नजर फिरवली. अंगात पांढरे झंपर, कमरेला पांढरी लुंगीसारखी वस्त्रं, कुठे लेस, कुठे झालर. निळ्या काठाची साडी नेसलेलं कुणीही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "यांच्यात माझी आई नाही."

"अरे मिलिंद," समोरून आवाज आला.

माझ्यापासून दोन हातांवर, अगदी माझ्या नाकासमोरच्या खुर्चीत आई बसली होती. गळ्याला लेस लावलेला पांढरा झंपर, खाली तसलंच पांढरं वस्त्र, हातात अर्धा खाल्लेला केळीच्या पानावरचा दूधभात. शेजारी त्या आजीची सून, आईचा हात हातात घेऊन बसलेली. मी इन्स्पेक्टर बाईंशी बोलत असताना दोघी मागून येऊन टेकल्या होत्या.

"साडीवर सरबत सांडलं रे," आई म्हणाली. "या बाई सासू हरवली म्हणून रडत होत्या, त्यांच्याच फोनवरून मी सुजाताला फोन करत होते. धक्काबुक्कीत पेला सांडला आणि फोन पडून बंद झाला. यांचं घर मागेच आहे. त्यांनी कपडे आणून दिले. मी म्हटलं, तुमच्या सासूबाईंना कुणी नेलं असेल तो काही वाईट माणूस नसेल, काळजी करू नका." मग तिनं त्या आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळा हिशेब लागला. "तूच होतास होय?"

मांडवात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

इन्स्पेक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "मघाशी तुम्ही परक्या बाईला आई म्हणून घेऊन गेलात," त्या म्हणाल्या. "आता आईला परकी म्हणताय. माझ्यापुढे अडचण आहे. तुमच्या म्हणण्यावर मी यांना तुमच्याबरोबर कशी पाठवू?"

मी खिशातून पासपोर्ट काढायला लागलो, पण बाईंनी हातानं थांबवलं आणि आईकडे वळून सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "अम्मा. हा तुमचा मुलगा आहे?"

एवढं इंग्रजी आईला येतं. तिनं दूधभाताचं पान शेजारणीकडे दिलं, चष्मा काढला, झंपराच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायला लागली.

"आई, सांग ना," मी म्हटलं.

"थांब जरा," आई म्हणाली. "नीट बघू दे. उगाच घाईत भलत्यालाच घेऊन जायचे मी."